गृहारोग्य : बाळंतिणीचें दुखणें आणि दाबणारा हात

बाळंतपण सुखरूप पार पडलें कीं घरांतील सर्वांचें लक्ष पाळण्याकडे वळतें. पेढे वांटले जातात, बारशाचा दिवस काढला जातो, आणि जिनें हा आनंद घरांत आणला ती मात्र पोट धरून निजलेली असते. तिनें ‘दुखतें’ म्हटलें तर ‘दुखायचेंच’ हें उत्तर तयार असतें. परभणी, सेलू, गंगाखेडकडील कित्येक घरांत माहेरीं आलेल्या लेकीचें अंग तेलानें रगडण्याची चाल अजून आहे. आणि आतां तिच्या जोडीला भ्रमणध्वनीवरून अॅक्युप्रेशरचीं, म्हणजे दाबचिकित्सेचीं चित्रेंहि घरोघर येऊं लागलीं आहेत. यांत घेण्याजोगें किती व टाकण्याजोगें किती, याचा विचार आज करूं.

प्रथम, दुखतें कां? प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचें वजन सुमारें एक किलो असतें. सहा आठवड्यांत तें शंभर ग्रॅमच्याहि खालीं येतें. हें आकसणें कळांवांचून होत नाहीं. मूल अंगावर पिऊं लागलें कीं आईच्या शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचा स्राव सुटतो व त्यानें कळ वाढते. पहिलटकरणीपेक्षां दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस हा त्रास अधिक. बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत तो ओसरूं लागतो. याच कळांनीं रक्तस्रावहि आटोक्यांत राहतो. तेव्हां हें दुखणें निरर्थक नव्हे. परंतु सार्थ दुखणें म्हणून तें मुकाट्यानें सोसलेंच पाहिजे, असें कोठें आहे?

आपल्या पूर्वजांनीं तसें मानलें नाहीं. चरकसंहितेंत सूतिकेच्या पोटाला तेल-तूप लावून तें मोठ्या स्वच्छ वस्त्रानें गुंडाळण्यास सांगितलें आहे. येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. ‘दाबचिकित्सा म्हणजे आमचें मर्मशास्त्रच’ असें अभिमानानें सांगणारे पुष्कळ भेटतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत १०७ मर्में दिलीं आहेत खरीं. पण तेथें तीं इजेपासून जपण्याचीं नाजूक स्थानें म्हणून आलीं आहेत, वाटेल तसें दाबण्याचीं म्हणून नव्हेत. दाबबिंदूंची प्रचलित पद्धति मुख्यत्वें चिनी वैद्यकांतून आलेली आहे. परक्याचें चांगलें असेल तें घेण्यांत आपला कमीपणा नाहीं. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत पदवीसाठीं प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. स्वतःचें मूल तान्हेपणींच गमावलेल्या या स्त्रीनें जुनें टाकलें नाहीं आणि नवें शिकण्यासहि ती कचरली नाहीं.

नव्या परीक्षेंत या दाबण्याचा निकाल काय लागला? कॉक्रेन या संस्थेनें २०२० सालीं प्रसूतिकळांवरील सूचिचिकित्सा व दाबचिकित्सा यांच्या २८ चाचण्या तपासल्या. त्यांत ३,९६० स्त्रियांची माहिती होती. दाबानें कळांची तीव्रता कांहींशी कमी होत असावी, परंतु पुरावा भक्कम नाहीं, असा त्याचा सारांश. हें प्रसूतीच्या वेळच्या कळांविषयीं झालें. प्रसूतीनंतरच्या दुखण्यावर तर याहूनहि बेतानें बोललें पाहिजे. म्हणजे दाबणें हा आराम आहे. औषधाचा पर्याय नव्हे.

आराम म्हणून करावयाचें तें असें. बाळंतिणीला कुशीवर निजवून कमरेच्या खालच्या भागावर, मणक्यांवर नव्हे तर त्यांच्या दोन्ही बाजूंस, तळहातानें संथ दाब द्यावा. पायाच्या आंतल्या घोट्याच्या चार बोटें वर, नडगीच्या हाडाच्या मागल्या कडेला अंगठ्यानें मिनिटभर दाबावें. तसेंच हाताचा अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भागावर करावें. दाब सोसवेल इतकाच असावा. दाबणारीचे हात धुतलेले व नखें कापलेलीं असावींत. नुसत्या हात धुण्यानें किती माता वांचतात, हें व्हिएन्नाच्या रुग्णालयांत सेमेलवाइस यांनीं १८४७ सालींच दाखवून दिलें आहे. शिवाय लघवी तुंबवूं नये, कारण भरलेल्या मूत्राशयानें कळा वाढतात. परभणीच्या वैशाखांत कोंडलेल्या खोलींत शेगडी पेटवून शेक देण्यापेक्षां गरम पाण्याची पिशवी बरी, आणि बाळंतिणीला पाणी पोटभर द्यावें. इतक्यानें भागलें नाहीं, तर अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारीं वेदनाशामक औषधें डॉक्टर देतात; तीं घेण्यांत कसलाहि कमकुवतपणा नाहीं.

आतां न करण्याच्या गोष्टी. टांक्यांवर, किंवा शस्त्रक्रियेनें बाळंत झालेल्या स्त्रीच्या पोटावर, दाब देऊं नये. स्तनांतील गांठी जोरानें रगडूं नयेत. घोट्यावरचा व अंगठ्याजवळचा बिंदु गर्भारपणीं वर्ज्य मानतात. तेव्हां घरांतील गरोदर जावेवर वा नणंदेवर त्याचा प्रयोग नको. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तिला हातहि लावूं नये. शिरेंत रक्ताची गुठळी झाली असल्यास ती चोळण्यानें सुटून फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. मायेनें फिरवलेला हातच तेथें घातक ठरावयाचा!

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं आधीं दुखणें ओळखावें, मग दाबावें. तासाभरांत घडी भिजून जाईल इतका रक्तस्राव, १००.४ अंशांहून अधिक ताप, स्रावाला दुर्गंधी, उतरण्याऐवजीं वाढत जाणारी पोटदुखी, धाप, किंवा अंधारी आणणारी डोकेदुखी, यांपैकीं एकहि लक्षण दिसतांच तेलाची वाटी बाजूस ठेवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गांठावें. तेथें शहाणपण वेळेंत आहे, बोटांत नाहीं. सूतिकागृहांतून घरीं आल्यावर आशा कार्यकर्ती सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशीं घरीं येते. तिला ओसरीवरून परत न लावतां बाळंतिणीच्या खोलींत न्यावें व मोकळेपणीं सर्व सांगावें.

आणि शेवटीं सासूबाईंस व आईस एक विनंति. बाळंतिणीला दिवसांतून एकदां तरी ‘कोठें दुखतें?’ असें विचारावें आणि तिचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. दाबावें कोठें आणि धांवावें केव्हां, हें त्या उत्तरावरूनच ठरणार आहे.