सातवा रकाना

एका जिल्हा संघटनेने चौदा आणि सोळा वर्षांखालील निवड चाचण्यांसाठी यंदा नवा फॉर्म काढला आहे. तो आमच्याकडे एकाहून अधिक वाचकांनी पाठवला आणि प्रत्येकाने लाल पेनाने एकाच जागी गोल केला आहे. नाव, जन्मतारीख, उंची, शाळा, क्लब, गोलंदाजीचा प्रकार, इथवर सगळे रीतसर. मग सातवा रकाना: ‘ॲक्शन : योग्य / अयोग्य (लागू नसेल ते खोडावे)’. खाली टीप, की अयोग्य ठरलेल्या खेळाडूने मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडून ॲक्शन दुरुस्त करून घेतल्याचा दाखला पुढच्या चाचणीआधी दोन प्रतींत जमा करावा.

योग्य कशाला म्हणायचे, ते फॉर्मवर कुठेही नाही. आम्ही कार्यालयात फोन केला. ‘ते निवड समितीला समजतं,’ असे उत्तर मिळाले. समितीतल्या एका सदस्यांना गाठले, तर ते म्हणाले, ‘फॉर्म ऑफिसनं काढलाय, आम्ही फक्त खूण करतो.’ मान्यताप्राप्त प्रशिक्षकांची यादी मागितली, तर ती ‘प्रक्रियेत’ आहे. दाखला कोणी द्यायचा हे ठरलेले नाही, कशाबद्दल द्यायचा हेही नाही. प्रती किती, एवढे मात्र पक्के आहे.

या रकान्याने काय होते, ते एका तालुक्याच्या गावात नेट चालवणाऱ्या वाचकाच्या पत्रातून कळते. त्यांचा एक डावखुरा पोरगा, वय पंधरा. छाती फलंदाजाकडे उघडी, हात कानाजवळून न येता जरा बाहेरून, मनगट मात्र सरळ सीमच्या मागे. पहिले दोन चेंडू आत आले; दुसऱ्यावर जिल्ह्याचा सलामीवीर पॅडवर सापडला. मंडपातून आवाज आला, ‘अरे, हात वर घे, हात!’ पोराने घेतला. तिसरा चेंडू लेगबाहेर, चौथा बाजूच्या जाळीत, पाचवा फुलटॉस. सहाव्याला रनअपच चुकला. समितीने ‘योग्य’वर काट मारली. आता तो पोरगा वडिलांना घेऊन दाखला शोधत फिरतो आहे, आणि शहरातल्या एका अकादमीने त्याला तीन महिन्यांचे ‘ॲक्शन करेक्शन पॅकेज’ सुचवले आहे.

या एका खुणेत तीन निरनिराळ्या तक्रारी कोंबल्या आहेत. चेंडू फेकला जातो का, ही एक. पाठीला इजा होईल का, ही दुसरी. आणि तिसरी, दिसायला बरे दिसत नाही. पहिल्या दोन्हींसाठी प्रशिक्षकाने झोप उडवून घ्यावी. तिसरीशी त्याचे काही देणेघेणे नाही. पण मंडपातून पोरे बाद होतात ती बहुतेक तिसरीवरच.

फेकीचे आधी संपवू. कोपर सरळ होण्याची १५ अंशांची एकच मर्यादा आयसीसीने २००४ मध्ये सगळ्या गोलंदाजांसाठी ठरवली आणि ती २००५ पासून लागू झाली. मोजायचे ते हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत. वाकलेले कोपर वाकलेलेच राहिले तर दोष नाही, आणि उलट बाजूला लवणारे कोपर त्या मोजणीत धरत नाहीत. हे काम अंगावर मार्कर चिकटवून, अनेक कॅमेऱ्यांच्या प्रयोगशाळेत होते. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत तशी सोय आहे. मंडपातल्या खुर्चीवरून ते होत नाही. मोबाइलवरही नाही: सेकंदाला तीस फ्रेमच्या साध्या चित्रणात हा सगळा टप्पा तीन-चार फ्रेममध्ये उरकतो, आणि वाकलेला हात नुसता खांद्यातून फिरला तरी बाजूच्या कॅमेऱ्याला तो सरळ होताना भासतो. १९९५ च्या बॉक्सिंग डे कसोटीत डॅरेल हेअरने मुथय्या मुरलीधरनला नो-बॉल दिले ते उघड्या डोळ्यांच्या भरवशावर. त्याचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. पुढे तो ८०० कसोटी बळींवर थांबला. संशय आला तर संशय म्हणून लेखी नोंदवा, पोराच्या कपाळावर शिक्का मारू नका.

पाठीचे प्रकरण गंभीर आहे, आणि सातव्या रकान्याने सगळ्यात मोठे नुकसान इथेच होणार आहे. मिक्स्ड ॲक्शनबद्दल तुम्हाला नव्याने सांगायला नको. कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या. मागचा पाय टेकल्यापासून पुढचा टेकेपर्यंत खांदे उलटे फिरतात, आणि त्याची किंमत कंबरेचे खालचे मणके मोजतात, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या मंडळींनी १९८० च्या दशकापासून हे दाखवून दिले आहे. आता पत्रातल्या पोराकडे पुन्हा बघा. त्याची छाती उघडी आहे. कंबरही तशीच उघडी असेल, तर ती सरळसरळ फ्रंट-ऑन ॲक्शन झाली, पाठीला मानवणारी. त्याला पुस्तकातल्या चित्रासारखा साइड-ऑन करायला गेलात की खांदे वळतात, मागचा पाय आणि कंबर जिथल्या तिथे राहतात. म्हणजे जी मिक्स्ड ॲक्शन त्याच्यात नव्हती, ती तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये फी घेऊन बसवली जाते. आणि वर दोन प्रतींत दाखला.

जेम्स अँडरसनचे उदाहरण प्रत्येक शिबिरात सांगायला हवे. चेंडू सोडताना त्याची मान खाली जाते, नजर फलंदाजावर राहत नाही. या ॲक्शनने पाठ जाईल म्हणून इंग्लंडच्या प्रशिक्षकांनी ती बदलली. चेंडूतला जीव गेला, आणि २००६ मध्ये पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर व्हायचे ते झालेच. तो आपल्या मूळ ॲक्शनवर परतला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७०४ कसोटी बळी होते. एवढे कुठल्याही वेगवान गोलंदाजाचे नाहीत.

उलट बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९७३ मध्ये डेनिस लिलीची पाठ मोडली, तेव्हा त्याने ॲक्शन नव्याने बांधली आणि पुढे ३५५ कसोटी बळींपर्यंत गेला. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००६ मध्ये वूस्टरशायरकडून खेळताना रनअप आखडता घेतला आणि त्यानंतरचा झहीर आधीपेक्षा मोठा गोलंदाज ठरला. पण हे दोघे कसोटी खेळलेले, शरीराची वाढ पूर्ण झालेले पुरुष होते. काय आणि का बदलतो आहोत हे त्यांना नेमके ठाऊक होते. पंधरा वर्षांच्या पोराला मंडपातून ‘हात वर’ म्हणणे आणि हे, यांची तुलना होऊ शकत नाही.

हा वाद फक्त आपला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, थ्रोवरून तो वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तिथले निवड करणारे आपल्याहून शहाणे आहेत असे समजू नका. फिलिप रिव्हर्सचा चेंडू खांद्याच्या बाजूने, गोळा ढकलल्यासारखा सुटतो. पाठ्यपुस्तकात ती फेक कुठेच बसत नाही. पण सुटतो झटकन आणि जातो नेमका. त्या फेकीवर त्याने ६३ हजारांहून अधिक यार्ड काढले. टिम टीबो कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू, २००७ चा हाइजमन विजेता. त्याचा हात मात्र चेंडू घेऊन लांबचे वळण घ्यायचा. २०१० च्या ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडण्याआधी, ते वळण छोटे करण्याचा खटाटोप झाला. खऱ्या सामन्यात अंगावर माणसे धावून आली की जुना हात परत. २०११ च्या हंगामात त्याचे निम्म्याहून कमी पास पोहोचले: ४६.५ टक्के. रिव्हर्सची फेक नुसती दिसायला वाईट होती. टीबोच्या वळणात बचाव करणाऱ्याला अर्धा क्षण मिळत होता. पॅट्रिक माहोम्सचे वडील बेसबॉलचे पिचर, तो स्वतः बेसबॉल खेळत वाढला, आणि आज तो ज्या चित्रविचित्र कोनांतून चेंडू सोडतो ते कोन कोणी आधीच ‘अयोग्य’ म्हणून खोडले नाहीत, हे त्याच्या संघाचे नशीब.

यातला आमच्या कामाचा खेळाडू जॉश ॲलन. २०१८ मध्ये त्याचे ५२.८ टक्के पास पोहोचत होते, २०२० मध्ये ६९.२. त्याने मेहनत घेतली ती पावलांवर, कंबर आधी आणि हात नंतर या क्रमावर. त्याच वर्षी त्याला स्टेफन डिग्जसारखा झेलणारा मिळाला, हेही धरा. सगळे श्रेय मेकॅनिक्सला देणारे प्रशिक्षक तिथेही आहेत. तरी धडा लागू पडतो. बदलायचेच असेल तर जमिनीकडून सुरुवात करा. रनअपचा ताल, मागच्या पायाची दिशा, पुढच्या पायाचे टेकणे. हात शेवटी. आणि आपण काय करतो? ‘हात वर घे!’

आता जो रकाना फॉर्ममध्ये नाही, त्याबद्दल. गेल्या चार आठवड्यांत या मुलाने किती षटके टाकली? हा प्रश्न कुठल्याही चाचणीत कोणी विचारत नाही. सोळा वर्षांखालील मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढून, टीडब्ल्यू३ पद्धतीने त्याच्या हाडांचे वय पाहण्याची सोय बीसीसीआयने केली आहे, आणि ती हवीच. पण त्याच मुलाच्या पाठीने महिनाभरात काय सोसले, याची नोंद ठेवायला एक ओळही नाही. पुढचा पाय टेकतो तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार येतो. जिल्ह्यांत तो पाय हिरवळीच्या विकेटवर टेकत नाही. सिमेंटवर अंथरलेल्या, कडेने उसवलेल्या मॅटिंगवर टेकतो, तळ झिजलेल्या बुटात. शनिवारी शाळेचा सामना, रविवारी सकाळी क्लबचा, दुपारी कुणाच्या तरी वॉर्डातली टेनिस चेंडूची स्पर्धा, सोमवारी नेटमध्ये ‘अजून दोन टाक’. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षा-दोन वर्षांत हाडाची ताकद उंचीच्या मागे राहते. त्यात षटके एकदम वाढली की ॲक्शन कितीही देखणी असली तरी मणका तडकतो.

टेनिस चेंडूवर आमचा राग नाही. नागपूरजवळच्या कोळसा खाणींच्या वस्तीतला उमेश यादव टेनिस चेंडूवरच वाढला, लेदरचा चेंडू त्याच्या हाती उशिरा आला, आणि त्याने १७० कसोटी बळी घेतले. पण टेनिस चेंडूची षटके ‘षटकांत’ धरायची नाहीत हा जो आपल्याकडे समज आहे, तो सोडा. पाय तोच टेकतो.

जसप्रीत बुमराहचे नाव घेतल्याशिवाय हा विषय संपत नाही म्हणून घेतो. आखूड रनअप, ताठ हात, उलटे लवणारे कोपर. या फॉर्मवर तो पहिल्याच चेंडूला अयोग्य ठरला असता. पाठीने त्याला त्रास दिला हे खरे: २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया. त्यावर उपाय म्हणून ॲक्शन मोडली गेली नाही. विश्रांती आणि षटकांचा हिशेब यांवर भर दिला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला त्याचे २०० कसोटी बळी झाले तेव्हा त्याची सरासरी विसाच्या आत होती.

संघटनेला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘ॲक्शन करेक्शन’चे फलक आपल्यातल्याच लोकांनी लावले आहेत. पोराचे चित्रण थांबवून, त्यावर पिवळ्या रेघा ओढून, पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवणारे आपलेच सहकारी आहेत. पालकांना रेघ दिसली की फी वाजवी वाटते. षटकांची वही दाखवली तर वाटत नाही, कारण त्या वहीत बहुतेक दिवशी ‘आज विश्रांती’ असे लिहावे लागते. गेल्या वर्षी आमच्या एका अंकात आम्ही वहीचा नमुना छापला होता. किती जणांनी ती ठेवली हे विचारायची हिंमत आम्हाला होत नाही.

तरी विचारतो. आणि या महिन्यात दोन गोष्टी कराच. चाचणीला मदतनीस म्हणून बसलात आणि फॉर्म समोर आला, तर सातव्या रकान्यातले दोन्ही शब्द तसेच राहू द्या, शेजारी ‘डोळ्यांनी ठरवता येत नाही’ असे लिहून सही करा. संघटना सही करणाऱ्याला बोलवेल. बोलवू द्या, काय म्हणायचे ते वर लिहिले आहेच. दुसरे, प्रत्येक वेगवान गोलंदाजाची महिन्याची षटके, सामना, नेट आणि टेनिस असे वेगवेगळे लिहून, फॉर्मच्या पाठीमागे जोडा. पाठीमागे जागा भरपूर आहे, ती कोणी वापरत नाही.

त्याची एक प्रत आम्हाला पाठवा. पुरेशा प्रती जमल्या की आम्ही त्या घेऊन सचिवांना भेटणार आहोत. पुढचा अंक छपाईला जाण्याआधी, म्हणजे वीस तारखेपर्यंत, आमच्या हाती पडल्या पाहिजेत. मुलांची नावे खोडून पाठवा, वय ठेवा. आकडे फोनवर सांगू नका, ते उतरवून घ्यायला आमच्याकडे माणूस नाही.