बांधलेलं कुत्रं

पिल्लू घरी आलं की पहिल्या दिवशीच त्याला बांधायचं, अशी आमच्याकडची रीत. मोठ्या कुत्र्यांत सोडलं तर खेळायला लागतं, लाडावतं, राखण करत नाही म्हणे. "बांधलेलं कुत्रंच तिखट हुतंय," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते साफ खोटं आहे.

वस्तीवर आमची दोन कुत्री होती, वाघ्या आणि म्हातारी चंपी. थोरल्या चुलत्यांनी दीडएक महिन्याचं पिल्लू आणलं आणि गोठ्यामागच्या खुंट्याला बांधलं. चंपी हुंगायला गेली की तिला दगड बसायचा. पिल्लू दिवसभर खुंट्याभोवती फिरायचं. तिथली जमीन पार गुळगुळीत झाली. सहा महिन्यांचं झाल्यावर एकदा धाकटी बहीण भाकरी घेऊन गेली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. त्याची शेपटी हलत होती. ते खेळायलाच झेपावलं होतं, पण दात किती रोवायचे हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बहिणीला सुया घ्याव्या लागल्या. पिल्लाला पोत्यात घालून लांब सोडून आले.

पुढच्या साली दुसरं पिल्लू आलं. "ह्या खेपेला साखळी न्हाई," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी वाघ्या नुसता गुरगुरला. पिल्लानं उताणं होऊन पोट दाखवलं. चंपीनं मात्र त्याला अंगावर खेळू दिलं. त्यानं तिचा कान जोरात चावला की ती त्याचं तोंड आपल्या जबड्यात धरायची, दात न लावता, आणि उठून चालू लागायची. खेळ बंद! पिल्लू क्षणभर बावरायचं, मग पुढचे पाय टेकून, ढुंगण वर करून पुन्हा बोलवायचं. पंधरवड्यात त्याचा चावा हलका झाला. पुढं वाघ्याही आडवा पडून खेळू लागला. आईचं लक्ष असायचं; भाकरी तिघांना वेगवेगळी, आणि म्हातारी दमली की पिल्लू उचलून बाजूला.

तिसऱ्या आठवड्यापासून तीनेक महिन्यांपर्यंतचे दिवस पिल्लानं संगत शिकण्याचे. दुधाचे दात सुईसारखे असले तरी जबड्यात जोर नसतो. चूक झाली तरी स्वस्तात भागते. नेमके हेच दिवस आपण खुंट्याला घालवतो.

आणि राखणीचं म्हणाल, तर बांधलेलं पिल्लू पाखरू उडालं तरी भुंकायचं. रात्री त्याच्यासाठी कुणी उठेना. सुटं वाढलेलं दुसरं पिल्लू मोठ्यांच्या मागं हिंडून घरचं-परकं ओळखायला शिकलं. ते भुंकलं की चुलते स्वतः बॅटरी घेऊन बाहेर पडायचे.

बहिणीच्या मनगटावर वण अजून आहे. पिल्लानं केला, असं घरात म्हणतात. खुंटा आम्ही ठोकला होता, हे कुणी म्हणत नाही.