रद्दबातल काय होतं : लग्न की बाई?

मैत्रिणींनो, कोर्टाच्या कागदांत 'रद्दबातल' हा शब्द आपल्याला वारंवार भेटतो. त्यात दोन अरबी शब्द आहेत. फारसी कारभारातून ते मराठीत आले. 'रद्द' म्हणजे परत फिरवलेलं, नाकारलेलं. 'बातल' म्हणजे खोटं, पोकळ, ज्याचा अंमल नाही असं. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी हा शब्द कचेरीतून हटला नाही. आपल्या घरातली 'रद्दी' ही त्याचीच बहीण!

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, पहिलं लग्न कायम आणि पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. ही तरतूद मला हवीच आहे. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. लग्न रद्दबातल, म्हणून त्यात वर्षानुवर्षं राबलेली बाईही रद्दीत, हा कुठला न्याय? १९७६च्या दुरुस्तीने अशा लग्नातली मुलं औरस ठरली. पण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची आई कलम १२५ खाली 'पत्नी' नाही, तिला पोटगी नाही, असा निकाल दिला. मुलं औरस आणि आई कुणीच नाही! ज्याने दोन लग्नं केली, तो मात्र जबाबदारीतून मोकळा.

२०१३ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं, की पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही. फसवल्या गेलेल्या बाईला पोटगी द्यावीच लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याहून पुढचं पाऊल पडलं. विवाह रद्दबातल ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी मागता येते. ती द्यायची की नाही, किती द्यायची, हे मात्र न्यायाधीश परिस्थिती पाहून ठरवणार.

मुस्लिम वारसा कायद्यात 'रद्द' या शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ठरलेले हिस्से वाटून उरलेली मालमत्ता वारसांकडे परत जाते, त्याला 'रद्द' म्हणतात. मला वाटतं, आपण हाच अर्थ धरून बसावं. लग्न रद्द झालं, तर बाईला काय परत मिळालं? तिचे दागिने, तिचे पैसे, तिच्या कष्टांचा मोबदला?

वकिलाने नुसतं 'लग्न रद्दबातल आहे, बाई' एवढंच सांगितलं, तर उठून येऊ नका. परतफेडीचं विचारा.