मंडप घालण्यापूर्वी हिशेब मांडा

गणेशोत्सव जवळ आला की गल्लोगल्ली मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती, मूर्ती किती फुटांची, आरास कसली, यांवर तासन्‌तास चर्चा चालते. मात्र मंडपात एकूण किती वॅटचे दिवे लागणार आणि ती वीज कोणत्या तारेतून येणार, हे क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच तर ठरलेले उत्तर मिळते, “आजवर काही झाले नाही!”

विद्यार्थी मित्रांनो, हे उत्तर विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. गेल्या वर्षी दिवे कमी होते, ध्वनिवर्धक लहान होते, कदाचित पाऊसही कमी होता. परिस्थिती बदलली की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. माझ्या मते हे काम मंडळांनी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्याला लागणारे बहुतेक गणित तुम्हाला येते.

प्रथम विजेचे पाहू. समजा, मंडपात ५०० वॅटचे चार हॅलोजन दिवे, १००० वॅटची ध्वनियंत्रणा आणि ४५० वॅटच्या माळा व पंखे आहेत. बेरीज ३४५० वॅट. तिला २३० व्होल्टने भागा. विद्युतधारा आली १५ अँपिअर. शेजारच्या घरातील ज्या लहान प्लगवरून ही वीज घेतात, त्याची क्षमता असते ६ अँपिअर. धारा अडीचपट झाली; पण तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सव्वासहापट होते. तारेचे वेटोळे गुंडाळलेलेच ठेवले तर ही उष्णता बाहेर पडायलाही वाव राहत नाही. हॅलोजनऐवजी तेवढाच उजेड देणारे सुमारे १०० वॅटचे एलईडी दिवे लावले, तर धारा ८ अँपिअरवर येते. तीही त्या प्लगला जास्तच! म्हणून वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घेणे आणि परवानाधारक वायरमनकडून काम करून घेणे, हाच मार्ग. खांबावर आकडा टाकणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १६ अँपिअरची एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाचा हात उघड्या तारेला लागला, तर त्याच्या शरीरातून ०.१ अँपिअर धारा गेली तरी प्राण जाऊ शकतो. एवढ्याशा धारेची एमसीबीला जाणीवच होत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते. गेलेली आणि परत आलेली धारा यांत ०.०३ अँपिअरचा फरक पडताच ती वीज तोडते. भाद्रपदातल्या पावसात ती नसलेला मंडप उभारूच नये, असे मी म्हणेन.

आता आवाज. डेसिबेलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. दोनाचे चार कर्णे केले तर पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. पण कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास चालतो असे धरले, तर दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. मग १०० डेसिबेलला किती मिनिटे उरतात? करून पाहा; उत्तर १५ येईल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. अरुंद गल्लीत भिंतींच्या परावर्तनामुळे तेवढी उतरत नाही, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजारी आजींना जागाही बदलता येत नाही. एका ठिकाणी कर्ण्यांची भिंत रचण्यापेक्षा लहान ध्वनिवर्धक अंतराअंतराने, श्रोत्यांकडे तोंड करून लावले, तर कमी आवाजातही आरती सर्वांना नीट ऐकू येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. शासन सवलत देते ती मोजक्याच दिवसांची आणि मध्यरात्रीपर्यंतची.

तिसरा हिशेब जागेचा. सहा मीटरच्या गल्लीत चार मीटरचा मंडप घातला, तर रुग्णवाहिका किंवा अग्निशामक बंब कोठून जाणार? एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. एकाचा धक्का लाटेसारखा पुढे सरकतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी, स्थानकाच्या पुलावर आग नव्हती की भूकंप नव्हता. तरीही दाटीत वीसहून अधिक माणसे दगावली. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवायला पैसे लागत नाहीत. आधी विचार करावा लागतो.

“मोजमाप करीत बसलो तर उत्सवाची मजा जाईल,” असे कोणी म्हणेल. पण मजा जाते ती दुर्घटनेने. या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यासाठी झटणारे लोकमान्य टिळक स्वतः गणित शिकवीत असत, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांना विनंती, की यंदा वर्गात हाच प्रश्न सोडवायला द्या. विद्यार्थ्यांनी तारांना हात न लावता यादी करावी, वॅट मांडावेत, गल्लीची रुंदी टेपने मोजावी आणि तो कागद मंडळाच्या अध्यक्षकाकांपुढे ठेवावा. लहान तोंडी मोठा घास, असे ते म्हणतील कदाचित. परंतु भागाकार बरोबर असेल, तर तो कोणी केला याला महत्त्व नाही.