मुगुंगह्वा उमलले, आणि जग जागच्या जागी थिजले

१/ गेल्या दिवाळीत माझा बारा वर्षांचा मावसभाऊ मोबाइलवर एक खेळ खेळत होता. एका लहान मुलीचा आवाज परक्या भाषेत काही गुणगुणे आणि तो थांबताच याचा अंगठा थिजून जाई. "ती काय म्हणते आहे रे?" मी विचारले. "काही नाही गं ताई, रेड लाइट." हा धागा त्या 'काही नाही'विषयी आहे.

२/ ते शब्द कोरियन आहेत: 'मुगुंगह्वा क्कोची पिओत्सुम्निदा'. अर्थ एवढाच, की मुगुंगह्वाचे फूल उमलले आहे. जास्वंदीच्या कुळातील हे फूल दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय प्रतीक मानले जाते. तेथील राष्ट्रगीताच्या ध्रुवपदातही त्याचा उल्लेख आहे.

३/ खेळ सोपा आहे. ज्याच्यावर राज्य आहे तो झाडाकडे तोंड करून हे वाक्य म्हणतो, तोवर बाकीच्यांनी पुढे सरकायचे. वाक्य संपताच तो वळतो. जो हलताना दिसला तो बाद. आपल्याकडे लपंडावात राज्य घेणारा भिंतीकडे तोंड करून आकडे मोजतो. येथे आकड्यांचे काम वाक्य करते, कारण मूळ कोरियन लिपीत त्याची अक्षरे मोजून १० भरतात. वाक्य म्हटले की दहा मोजून झाले.

४/ जपानमध्ये याच खेळात 'दारुमा-सान गा कोरोन्दा', म्हणजे 'दारुमा बाहुला कोलमडला', असे म्हणतात. जपानी उच्चारगणनेनुसार तेही १० मात्रांचे. कोरियावर १९१० ते १९४५ या काळात जपानची सत्ता होती, हे लक्षात घेतले तर एवढे साम्य योगायोगाचे असेल असे मला वाटत नाही. साहजिकच, 'हा खेळ मुळात कोणाचा' हा वाद तेथे भावनेचा होतो.

५/ या वादात नामगुंग ओक (१८६३–१९३९) यांचे नाव हमखास येते. या पत्रकार-शिक्षकाने होंगछन येथे मुगुंगह्वाची रोपे वाढवून देशभर पोहोचवली आणि १९३३मध्ये जपानी पोलिसांनी त्यांना अटक केली. हे वाक्यही त्यांनीच मुलांच्या तोंडी घातले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सुंदर आहे; परंतु रोपे त्यांची होती म्हणून खेळही त्यांचाच, हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. देशप्रेम हा पुरावा नव्हे.

६/ आता २०२१. सप्टेंबरमध्ये 'स्क्विड गेम' ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. पहिल्याच भागात एक अजस्र बाहुली हे वाक्य म्हणते आणि मान वळवते. जुन्या कोरियन पाठ्यपुस्तकांतील योंगही या मुलीचे नाव तिला दिलेले आहे. ४५६ खेळाडूंपैकी खेळ संपताना २०१ उरतात. या भागाच्या मूळ कोरियन शीर्षकाचा अर्थ 'मुगुंगह्वा उमलले तो दिवस' असा आहे. इंग्रजीत त्याचे 'रेड लाइट, ग्रीन लाइट' झाले.

७/ काही आठवड्यांतच रोब्लॉक्सवर चाहत्यांनी रचलेल्या नकलांची रांग लागली. ऑक्टोबर संपता संपता 'क्रॅब गेम' हा मोफत खेळ आला. माकुलीच्या जागी खेकडा, एवढ्यावरूनच काय ते समजावे. बाहुलीची वळणारी मान विनोदी चित्रफितींत कोठेही चिकटवली जाऊ लागली. अंगणातील वाक्य मीम झाले.

८/ हेच वाक्य का? कारण त्याची लय राज्य घेणाऱ्याच्या हाती असते. तो सुरुवातीची अक्षरे लांबवतो आणि शेवटची एका दमात उरकतो. ऐकणाऱ्याला अक्षरे पाठ असतात, ती संपणार केव्हा हे मात्र माहीत नसते. हा ताण निर्माण करायला ना यंत्र लागते, ना पैसा. संगणकी खेळाला जे हवे असते ते कोरियन मुलांनी आधीच घडवून ठेवले होते.

९/ यावर दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली हिंसेची. बेल्जियममधील एका शाळेने २०२१मध्ये पालकांना सावध केले होते, कारण तेथील मुले हाच खेळ खेळताना हरणाऱ्याला मारू लागली होती. ही काळजी रास्तच होती. परंतु मार मालिकेतून आला, अंगणातल्या खेळात हरणारा फक्त बाद होत असे. दुसरी तक्रार अशी, की मीमने एका संस्कृतीचे पोतेरे केले.

१०/ ही दुसरी तक्रार मला मान्य नाही. फूल पुसले ते इंग्रजी भाषांतराने. प्रेक्षकाला ओळखीचे वाटावे म्हणून त्याने फुलाच्या जागी वाहतुकीचा दिवा बसवला. खेळणाऱ्या पोरांनी मात्र तो मूळ कोरियन आवाज, ती दहा अक्षरे, तशीच उचलली. अर्थ त्यांना कळला नाही, हे खरे. पण कोरियन मुले तरी खेळताना फुलाचा विचार कोठे करत होती? ती दहा मोजत होती. अंगणातली गाणी अर्थामुळे टिकत नाहीत, उपयोगामुळे टिकतात. अर्थ जपण्याचे काम मोठ्यांचे, आणि तेथे आपण कमी पडलो.

११/ डिसेंबर २०२४मध्ये मालिकेच्या दुसऱ्या पर्वात गोल फिरत गाण्याचे एक कोरियन बालगीत आले आणि तेही त्याच वाटेने जगभर गेले. म्हणून विनंती एवढीच, की घरातले मूल असे काही गुणगुणताना दिसले तर फोन हिसकावण्याआधी त्या शब्दांचा अर्थ शोधून त्याला सांगा. मी भावाला सांगितला. त्याने खेळ थांबवला, आवाज पुन्हा लावला आणि बोटांवर अक्षरे मोजली. "खरंच दहा आहेत गं," तो म्हणाला.