नळीचा हिशेब

इटलीतल्या मिलान शहराचा ओस्सोबुको नावाचा पदार्थ आहे. नावाचा अर्थ 'भोकाचं हाड'. वासराच्या पायाची नळी आडवी कापून जाड गोल तुकडे करतात, मधोमध हाड आणि हाडात मगज, ज्याला आपल्या घरांत गूदा म्हणतात. तुकडे पिठात घोळवून लोण्यावर परततात, कांदा, गाजर, पांढरी वाइन आणि यखनी घालून झाकण ठेवून दीड-दोन तास मंद आचेवर ठेवतात. वरून लसूण, पार्सली आणि लिंबाची साल बारीक चिरून भुरभुरतात, सोबत केशराचा भात. हे वाचताना ज्याला नळी नहारी आठवली नाही, त्याने नहारी खाल्लेली नाही.

म्हणून ढाणकीच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ करायला मला काही अवघड वाटत नाही. वासराच्या जागी बकऱ्याच्या मागच्या पायाची नळी घ्यायची. कसायाला आधीच सांगायचं की नेहमीसारखे बारीक तुकडे नकोत, दोन बोटं जाडीचे हवेत आणि हाडाचा चुरा होऊ द्यायचा नाही. भोवतीच्या पातळ पडद्याला दोन-तीन ठिकाणी चीर द्यायची, नाहीतर तुकडा वाटीसारखा वाकतो. वाइन आपल्याला वर्ज्य. तिचं काम आंबटपणाचं, ते चमचाभर सिरका करतो आणि सिरक्याची तर हदीसमध्ये तारीफ आहे. पार्सलीऐवजी कोथिंबीर. लिंबाची फक्त वरची रंगीत साल किसायची, आतली पांढरी कडू लागते. कुकर लावायचा नाही; मांस शिजेल, पण गूदा रश्शात वाहून जाईल. आणि गरम मसाल्याचा डबा अजिबात उघडायचा नाही. आमच्या घरात वाद होतो तो यावरच. भाताऐवजी ज्वारीची भाकर मला जास्त आवडते.

पण हे करताना कुणी असं म्हणू नये की मुसलमानांनी आवडीने वासरू सोडून बकरा धरला. हा बदल कायद्याने केला आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यात गाय आणि तिचं वासरू, नर असो वा मादी, पहिल्यापासून आहे. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, फक्त परराज्यातून आलेलं मांस जवळ ठेवणं हा गुन्हा राहिला नाही. कायदा आहे तोवर तो पाळायचा, यात माझ्या मनात शंका नाही. तो बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न.

मिलानचा मुलूख दुधालोण्याचा. गाय दूध देणार तर ती विणार, आणि विणार तर निम्मे गोऱ्हे होणार. तिथे ते गोऱ्हे हंडीत गेले. आपल्याकडे गोऱ्हा औताला जायचा, म्हातारा झाला की बाजारात विकला जायचा, त्या पैशांत भर घालून शेतकरी नवी जोडी आणायचा. ही साखळी कापसाच्या या भागात तरी कुणा एका धर्माची नव्हती. बैल हिंदू शेतकऱ्याच्या दावणीचा, गिऱ्हाईक कुरैशी. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. त्याला मरेपर्यंत चारा कुणी घालायचा, हे कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याच्या अंगणात येऊन सांगावं.

आणि ज्यांची परवानगी आहे त्या म्हशींचं काय? २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरच्या कुरैशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. रस्त्यात गाड्या अडवून होणारी मारहाण हे त्याचं कारण. तेव्हा बाजारातून जनावर परत घरी न्यावं लागलेला शेतकरीही बोलू लागला. एवढं व्हायला दहा वर्षं लागली.

ओस्सोबुको, नहारीसारखाच, दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतो. रस्सा आळतो, लिंबाचा वास मुरतो. असा पदार्थ खरं तर डब्यात घालून लेकीबाळींकडे पाठवायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये एका वृद्धाला डब्यातल्या मांसावरून तरुणांनी मारलं. लेकीकडे निघाले होते ते. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका प्रवासाला निघालेल्या माणसाला मटणाचा डबा देत नाहीत. बकऱ्याचाही नाही. चिवडा देतात.