टपावरचे दिवे आणि मागचा लाल दिवा



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नवी पिकअप आशीर्वादासाठी चर्चच्या अंगणात घेऊन आला. टपावर चार मोठे पांढरे दिवे, आत डोक्यावर छताला स्विचांचा खण. पवित्र पाणी शिंपडीत मी मागे गेलो, तर मागचा एक लाल दिवा बंद! म्हटले, "बाळा, आधी हा लाव." तो हसला. मला मात्र ती गोष्ट हसण्यावारी नेववली नाही.

कोबी, बटाटा, मिरची घेऊन आपल्या गाड्या रात्री बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला उतरतात. जास्त उजेड हवासा वाटणे साहजिक आहे. पण घाटात धुके असले की टपावरचा पांढरा झोत धुक्यावरून उलटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. म्हणून तर धुक्याचे दिवे खाली, बंपरजवळ बसवितात. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. वय वाढले की दिपलेली नजर सावरायला अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्याला दिसत नाही. कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १११ वा नियम गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई करतो. अपवाद हवा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

अमेरिकेतील मोठ्या पिकअपच्या टपावर दिव्यांची रांग असते, असे तरुण सांगतात. खरे आहे. पण तिथे ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला ते दिवे कायद्याने लागतात, आणि ते लहान, मंद, नारिंगी असतात. रस्ता पाहण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला गाडीची रुंदी कळावी म्हणून. आपल्या पिकअप एवढ्या रुंद नसतात.

नियमात बसणारा जादा दिवा लावायचाच असेल, तर वायरिंग नीट करून घ्या. ५५ वॉटचा एक हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. चार दिवे म्हणजे अठराच्या वर. हा भार साध्या स्विचवर टाकला तर वायर तापते, गाडी पेटू शकते. रिले घ्या, बॅटरीजवळ फ्यूज बसवा. एलईडी प्रवाह कमी ओढतो, पण त्याचा झोतही डोळे दिपवितोच. टपाला भोक पाडले तर कापल्या कडेला रंग द्या आणि रबर बसवून ते बुजवा. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत गळेल आणि पत्रा गंजेल.

छताच्या खणात कागदपत्रे ठेवा, पाने-पक्कड नको. जोराचा ब्रेक लागला की तेच लोखंड डोक्यात बसते.

माझे मत विचाराल तर पहिला रुपया मागच्या दिव्यांवर, दुसरा चमकणाऱ्या पट्टीवर खर्च करा. ऊस भरलेली, अंधारात रस्त्यावर उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. त्या ट्रॉलीलाही पट्टी लावा.

आज रात्री गाडी काढण्यापूर्वी घरातल्या कुणाला तरी मागे उभे करा, ब्रेक दाबा, आणि विचारा, "दोन्ही लागले का?"